वारा सर्वांचा, मग समुद्र कुणाचा?

समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचा विषय निघाला की शासकीय कागदपत्रांत एक गोंडस शब्द हमखास आढळतो, तो म्हणजे 'समतोल'. ऊर्जानिर्मिती आणि मासेमारी यांचा समतोल राखला जाईल, असे आश्वासन मोठ्या तोंडाने दिले जाते. परंतु तराजू कुणाच्या हाती आहे, वजने कुणी घडविली आहेत आणि एका पारड्यात काय टाकायचे मुळातच राहून गेले आहे, याची वाच्यता कुणी करीत नाही. श्रमिकांचा म्हणविणाऱ्या पक्षाने तरी ती केलीच पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केंद्र शासनाने सागरी पवन ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ साली जाहीर केले. २०१८ मध्ये २०२२ पर्यंत ५,००० मेगावॅट आणि २०३० पर्यंत ३०,००० मेगावॅट असे उद्दिष्ट घोषित झाले. २०२२ साल संपले तेव्हा भारताच्या समुद्रात एकही पाते फिरत नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम आले. प्रकल्प चालविण्यासाठी हा पट्टा ३५ वर्षांचा, म्हणजे एका मच्छीमाराच्या साऱ्या कमावत्या आयुष्याइतका! जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांसमोर प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांतील ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत, उरलेले ६,८५३ कोटी प्रकल्प उभारणाऱ्यांना व्यवहार परवडावा म्हणून. एवढे करूनही निविदांच्या मुदती वारंवार वाढवाव्या लागल्या. भांडवल धोका पत्करते म्हणून नफ्यावर त्याचा हक्क, असे आपल्याला शिकविले जाते. येथे तिजोरी जनतेची, समुद्र जनतेचा आणि वाराही जनतेचा. मग भांडवलदाराने पत्करलेला धोका नेमका कोणता?

आता दुसऱ्या पारड्याकडे वळू. गुजरातेत निवडलेला टापू खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावाव-जाफराबादच्या समोर येतो. जाफराबाद हे बोंबलाचे मोठे बंदर आहे. तेथील मासेमारी आपल्या वसई, अर्नाळा, सातपाटीप्रमाणेच डोल जाळ्याची. डोल हे ट्रॉलरच्या जाळ्यासारखे माशांच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहात, प्रवाहाकडे तोंड करून, ते एका जागी बांधून ठेवावे लागते. प्रवाहाचा वेग, पाण्याची खोली आणि तळाचा गाळ या तिन्हींचा मेळ जेथे बसतो तेथेच ते लागते. म्हणून 'थोडे पलीकडे जाऊन मासे धरा' हा वातानुकूलित कचेरीतला सल्ला डोलकराच्या दृष्टीने शेतकऱ्याला 'शेत उचलून पलीकडे न्या' असे सांगण्यासारखा आहे.

समुद्राला सातबारा नाही, हेच सर्व अन्यायाचे मूळ आहे. आपल्या पालघर-वसईच्या किनाऱ्यावर कवींच्या जागेवरून गावागावांत वर्षानुवर्षे तंटे होत आले आहेत. तंटे होतात याचाच अर्थ समुद्रात वहिवाट आहे, हक्काची जाणीव आहे. परंतु ती वहिवाट कागदावर नसल्याने शासनाच्या नकाशात तो टापू 'मोकळा' ठरतो आणि मोकळी जागा भाड्याने द्यायला कुणाची संमती लागते?

थोडे गणितही करू. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याप्रमाणे समुद्रातील बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत सुरक्षाक्षेत्र आखता येते. मुंबई हायच्या तेलफलाटांमुळे हे आपल्या मच्छीमारांच्या चांगलेच परिचयाचे आहे. प्रचंड आकाराच्या आधुनिक पवनचक्क्यांमधील अंतर सुमारे एक किलोमीटर असते. प्रत्येक खांबाभोवती ५०० मीटरांचे वर्तुळ आखले तर एक वर्तुळ दुसऱ्याला भिडते आणि मधून जाळे तर सोडाच, होडीही कायदेशीरपणे जाऊ शकत नाही. बेल्जियमने आपल्या पवनक्षेत्रांत मासेमारीला बंदीच घातली आहे. ब्रिटनमध्ये अशी सरसकट बंदी नाही. तरी केबलमध्ये जाळे अडकण्याच्या भीतीने अनेक मच्छीमार तेथे फिरकत नाहीत. आपल्याकडे कोणता नियम लागू होणार, हे खांब रोवण्यापूर्वी ठरले पाहिजे.

याहूनही लक्षात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. पश्चिम किनाऱ्यावर वारा सर्वाधिक वाहतो तो पावसाळ्यात, जेव्हा मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. निसर्गाने दोघांना आळीपाळीने जागा दिली आहे, असे वरवर पाहता वाटेल. परंतु खांब रोवणे आणि केबल पुरणे ही कामे खवळलेल्या समुद्रात होत नाहीत. ती होणार उघाडीच्या महिन्यांत, म्हणजे नेमक्या मासेमारीच्या हंगामात. तेव्हा चक्क्या फिरू लागल्यावरच्या नुकसानीपूर्वी बांधकामाच्या हंगामांतील नुकसान येते, आणि त्याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

भरपाईचा प्रश्न निघाला की होडीच्या मालकाचे नाव पुढे येते, कारण नोंदणी त्याच्या नावावर असते. खलाशाचे काय? डहाणू-तलासरीचे आदिवासी तरुण दरवर्षी गुजरातच्या बोटींवर मजुरीला जातात. सागरी हद्दीच्या वादात पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडणाऱ्यांतही ते असतात. बोट थांबली तर मालकाला निदान कागद आहे, यांना तोही नाही. बंदरावर मासळी निवडणाऱ्या, बोंबील वाळविणाऱ्या आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या स्त्रिया तर कुठल्याच यादीत नसतात. येथे महाराष्ट्राचा संबंध काय, असे विचारणाऱ्या साथींना हेच उत्तर पुरेसे आहे.

आपल्या चळवळीत या प्रश्नावर दोन चुकीच्या भूमिका ऐकू येतात. काही साथी म्हणतात, भांडवलदारांचा प्रकल्प म्हणून पवनचक्कीच नको. ही भूमिका टिकणारी नाही. १७ मे २०२१ रोजी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तौक्ते वादळ आदळले, तेव्हा जाफराबादच्या मच्छीमारांच्या होड्यांचा चुराडा झाला. कोळसा जाळून तापविलेल्या समुद्राचा पहिला तडाखा मच्छीमारालाच बसतो, तेव्हा कोळशाला पर्याय शोधण्यात त्याचे हित सर्वांत अधिक आहे. दुसरे साथी म्हणतात, देशाच्या प्रगतीसाठी काहींना त्याग करावा लागतो. कोयनेच्या विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले. कोयनेचे धरणग्रस्त मात्र पुनर्वसनासाठी पिढ्यान्पिढ्या मोर्चे काढीत राहिले. त्याग कुणाचा आणि प्रगती कुणाची, हे न विचारणारा समाजवाद नावापुरताच म्हणावा लागेल.

मार्ग नाही असे मुळीच नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनसमोर २००० साली मिडलग्रुंडन येथे २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची निम्मी मालकी आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे आणि निम्मी शहराच्या वीज उपक्रमाकडे होती. सहकाराचे गोडवे गाणाऱ्या आपल्या देशात मच्छीमारांच्या सहकारी संस्था गावोगाव आहेत. मग समुद्रातील वाऱ्यात त्यांचा वाटा का नसावा? संघटित मच्छीमार काय करू शकतो, हेही आपण पाहिले आहे. परदेशी भागीदारीतील खोल समुद्रातील मासेमारीच्या धोरणाविरुद्ध १९९५ साली फादर थॉमस कोचेरी यांच्या नेतृत्वाखालील लढ्याने शासनाला मुरारी समिती नेमणे भाग पाडले, आणि तिने हे परवाने बंद करण्याचीच शिफारस केली. अगदी अलीकडे वरळीच्या कोळ्यांनी झगडून सागरी रस्त्याच्या खांबांमधील अंतर ६० मीटरांवरून १२० मीटरांवर नेले. त्यांची मागणी त्याहून अधिक होती. परंतु 'आराखडा आता बदलता येत नाही' हे अभियंत्यांचे पालुपद किती पोकळ असते, ते त्यावरून दिसले.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. पट्टा देण्यापूर्वी मच्छीमारांच्या वहिवाटीचा नकाशा त्यांच्याच सहभागाने तयार करून त्याला कायद्याचे बळ द्यावे. त्यांच्या ग्रामसभांच्या आणि सहकारी संस्थांच्या संमतीवाचून एकही खांब रोवू नये. खांबांची रचना आणि केबलचा मार्ग डोल जाळ्यांचे टापू वगळून आखावा. भरपाई खलाशांना आणि मासळीवर जगणाऱ्या स्त्रियांनाही मिळावी आणि तिची सुरुवात बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून व्हावी. जेथे सार्वजनिक पैसा ओतला जातो तेथे सार्वजनिक आणि सहकारी मालकी असावी.

भारताच्या समुद्रात अजून एकही खांब उभा राहिलेला नाही, हीच आपली संधी आहे. प्रकल्प उभा राहिल्यावर मोर्चे काढण्याचा अनुभव आपल्याला पुष्कळ आहे. तो उभा राहण्यापूर्वी नियम लिहून घेण्याचा अनुभव कमी आहे. किनाऱ्यावरील शाखांनी डोलकरांच्या बैठका, खलाशांची नोंदणी आणि वहिवाटीच्या नकाशाचे काम येत्या हंगामापासून हाती घ्यावे. तराजूची दांडी श्रमिकांच्या हाती आली, तरच समतोल या शब्दाला काही अर्थ उरेल.