जतच्या गावांना फुटीर म्हणू नका

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातील चाळीस गावांच्या कर्नाटकात जाण्याच्या ठरावाचा हवाला देऊन त्या गावांवर दावा सांगितला आणि आपल्याकडे एकच गहजब झाला. ठराव २०१२ सालचा आहे, असा खुलासा आपल्या सरकारने केला. खुलासा खरा होता. पण २०१२ मध्ये जे मागितले ते दहा वर्षांनंतरही मिळालेले नव्हते, हेही त्यातूनच उघड झाले.

उमदी, संख, तिकोंडीकडच्या माणसांनी मागितले होते पाणी. कृष्णेचे पाणी मिरज तालुक्यात म्हैसाळला उचलतात. टप्प्याटप्प्याने चढत ते जतच्या पश्चिमेला पोचले, पूर्वेकडची गावे कोरडीच राहिली. उन्हाळ्यात टँकरचा पाइप विहिरीत सोडला की काठावर घागरी-कळशांची झुंबड उडते. स्वतःचे रान असताना कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे याच भागातली. सीमेपलीकडे मात्र तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी खेळताना दिसते. वाद पेटला त्याच दिवसांत ते पाणी तिकोंडीकडे सोडलेही गेले. वाद पेटल्यावर म्हैसाळच्या विस्तारित योजनेच्या फायलीही मुंबईत वेगाने हलू लागल्या.

यात देश फोडण्याची भाषा कुठे आहे? राज्याची सीमा बदलणे हा घटनेच्या अनुच्छेद ३ नुसार संसदेच्या अधिकारातला विषय आहे. बेळगाव-निपाणीसाठी आपण तेच तर मागतो. गाव हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही आपली सूत्रे, आणि २००४ पासून आपण सर्वोच्च न्यायालयात आहोत. तीच लोकेच्छा कन्नड बोलणाऱ्या गावाने उच्चारली की तिला गद्दारी म्हणायचे, हा दुटप्पीपणा आहे.

तरीही गावाने ठराव केला म्हणजे विषय संपला, हे मला मान्य नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी गाव हा घटक नाकारून व्यक्ती हा घटक स्वीकारल्याचे समाधान व्यक्त केले होते. ग्रामसभेत हात वर होतात तेव्हा कडेच्या वस्तीतला एखादा हात खाली असतो, कधी भीतीपोटी वर गेलेला असतो. देशातून फुटून निघण्यात व्यक्तीचा घात होतो तो इथेच. बहुमत निघून जाते आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचे नागरिकत्वही सोबत ओढून नेते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या गावात तसे होत नाही. तिथल्या प्रत्येकाचा मताधिकार, धर्म, न्यायालयात जाण्याचा हक्क जसाच्या तसा राहतो, कारण देश एकच असतो. उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता एकाच वाक्यात आली आहे. देशाच्या एकतेमुळेच राज्याच्या सीमेचा वाद निर्धास्तपणे घालता येतो.

सरकारशी भांडणे म्हणजे देशाशी भांडणे नव्हे, हे सातारा-सांगलीला नव्याने सांगायला नको. येडेमच्छिंद्र तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात होते, तर कुंडल औंध संस्थानात. याच भागात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इंग्रजांचा अंमल झुगारून गावोगावी स्वतःची न्यायदान मंडळे चालवली. पण त्यांनी सातारचे वेगळे राष्ट्र मागितले नाही. लोकांचे न ऐकणाऱ्या सरकारशी त्यांनी नाते तोडले, देशाशी नाही. प्रतिसरकारच्या नावाने हार घालणाऱ्यांना जतचा ठराव तरी समजायला हवा.

म्हैसाळचे पाणी आधी जतच्या शेवटच्या शिवारापर्यंत पोचवा. तालुक्यातल्या कन्नड माध्यमाच्या शाळांना शिक्षक द्या, तलाठ्याच्या कार्यालयात कन्नड जाणणारा माणूस बसवा. एवढे करूनही एखादे गाव जायचे म्हणाले, तर हात वर करायला लावू नका. प्रत्येक प्रौढाचे गुप्त मतदान घ्या, जे नको म्हणतील त्यांच्या भाषेची आणि जमिनीची हमी आधी लिहून घ्या, आणि कौल येईल तो महाराष्ट्राने संसदेपुढे ठेवावा. बेळगावच्या मराठी माणसासाठी आपण याहून वेगळे काही मागत नाही.