निदानाआधीच निकाल नको

पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिलेला घरातला जुना संगणक एके दिवशी सुरू होत नाही आणि घरचे न्यायालय तत्काळ निकाल देते : ‘गेला! आता नवाच घ्या.’ निदान होण्यापूर्वीच मृत्यूचा दाखला देण्याची ही घाई विचार करायला लावणारी आहे.

वास्तविक ‘सुरू होत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी दडलेली असतात. कळ दाबूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर दोष वीजपुरवठ्यात शोधावा. आधी प्लग, वायर आणि मागचे बटण पाहावे, मग एसएमपीएसकडे वळावे. मात्र ती पेटी घरी उघडू नये. वीज तोडल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार राहू शकतो. पंखा फिरतो, पण पडदा काळाच, असे असेल तर पुष्कळदा रॅमच्या पट्टीवरील धूळ वा ओल कारणीभूत असते. प्लग काढून ती पट्टी बाहेर घ्यावी, तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसावीत व ती पुन्हा घट्ट बसवावी. पडदा उजळतो, पण तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते, तर ३ व्होल्टची, नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते. ती संपली की बायोसमधील नोंदी पुसल्या जातात आणि काही जुन्या यंत्रांना आपली हार्ड डिस्कही सापडत नाही.

जुन्या यंत्राला मर्यादा आहेतच. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; तशा संगणकावर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नव्हे. पण प्रश्न केवळ यंत्राचा नाही. वडिलांनी टंकलेली वंशावळ, लेकीच्या बारशाची छायाचित्रे त्या हार्ड डिस्कवर असतात. मदरबोर्ड जळाला तरी डिस्क शाबूत असू शकते. ती दुसऱ्या संगणकाला जोडून ठेवा परत मिळवता येतो. भंगारवाल्याच्या तराजूत मात्र तो शंभर-दोनशे रुपयांत जातो आणि घरची खासगी कागदपत्रे परक्याच्या हाती पडतात.

उपाय खरोखरच खुंटले, तर डिस्क काढून घ्यावी आणि उरलेला सांगाडा अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे सोपवावा. त्यासाठीचे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. निरोप द्यायचाच असेल, तर तो नाडी पाहून द्यावा!