चेहरा गेला, धास्ती राहिली

आयकर खात्याचे नाव निघाले की सामान्य करदात्याला नोटिशीची धास्ती वाटते. टेबलापलीकडचा कर्मचारीही तितक्याच धास्तीत काम करीत असतो, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते. या खात्यातील सुधारणांची चर्चा नेहमी करदात्याच्या सोयीपुरती होते. निर्णय घेणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

१३ ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी चेहराविरहित करनिर्धारणाचा प्रारंभ केला. करदात्याला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, चिरीमिरीला वाव राहू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. दरम्यान कामाचा व्यापही वाढत गेला. २०१३-१४ मध्ये सुमारे ३.८० कोटी विवरणपत्रे दाखल झाली होती. २०२२-२३ मध्ये ती ७.७८ कोटींवर गेली. शंभर रुपये प्रत्यक्ष कर गोळा करण्यासाठी २०१३-१४ मध्ये ५७ पैसे खर्च येत असे, तो २०२३-२४ मध्ये ४४ पैशांवर आला. सरकारला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या काटकसरीचे श्रेय जसे संगणकाचे, तसे वाढता भार पेलणाऱ्या मनुष्यबळाचेही आहे. २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने २०,७५१ नवी पदे मंजूर केली खरी. पण पद मंजूर होणे आणि ते भरले जाणे यांत सरकारी अंतर असतेच.

नव्या व्यवस्थेने कामाचे स्वरूप पालटले. पूर्वी आयकर निरीक्षकाला आपल्या हद्दीतील बाजारपेठ, तेथील धंद्यांची रीत ठाऊक असे. आता संगणक देशातील कोणतेही प्रकरण कोणाकडेही सोपवतो. विदर्भातील शेतकऱ्याचा सातबारा परप्रांतातील अधिकाऱ्यापुढे गेला, तर त्याने तो कसा वाचावा? समोरासमोर दोन प्रश्न विचारून जी शंका फिटली असती, तिच्यासाठी नोटिशीमागून नोटीस जाते. कालमर्यादा तर डोक्यावर असतेच. मुदतीत आदेश निघाला नाही, तर सारे श्रम वाया. या घाईत सुनावणी न देताच काढलेले अनेक आदेश उच्च न्यायालयांनी रद्द केले. अखेर २०२२ मध्ये कायदा बदलून, करदात्याने मागणी केल्यास दृक्-श्राव्य सुनावणी देणे बंधनकारक करावे लागले.

पण मूळ दुखणे तंत्रज्ञानाच्या आधीचे आहे. अधिकाऱ्यावर तिघांची नजर असते: वसुलीचे उद्दिष्ट, लेखापरीक्षण आणि दक्षता विभाग. करदात्याचे म्हणणे मान्य केले, तर ‘महसूल का सोडला?’ हा आक्षेप वर्षांनंतरही येऊ शकतो. उलट भरमसाट मागणी काढली, तर ती अपिलात फेटाळली जाईपर्यंत अधिकाऱ्याची बदली झालेली असते. जाब विचारायला कोणी उरत नाही. मग शहाणा माणूस कोणता मार्ग निवडेल? पार्थसारथी शोम यांच्या अध्यक्षतेखालील करप्रशासन सुधारणा आयोगाने २०१४ मध्येच या प्रवृत्तीवर बोट ठेवले होते. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार, न्यायालयीन लढायांत खात्याचे यश ३० टक्क्यांपेक्षाही कमी होते. अपिलांसाठीच्या रकमेच्या मर्यादा सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा वाढवण्यात आल्या. त्यामुळे दावे घटतील. निर्णय घेताना वाटणारी भीती घटेलच असे नाही.

खात्यात भ्रष्टाचार नाही, असे कोणी म्हणणार नाही. जून २०१९ मध्ये १२ वरिष्ठ आयकर अधिकाऱ्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. अशी कारवाई हवीच. परंतु बेइमानी आणि प्रामाणिकपणे घेतलेला, पण पुढे चुकीचा ठरलेला निर्णय यांत फरक करता येत नसेल, तर शिक्षा बेइमानांना आणि दहशत प्रामाणिकांना, अशी अवस्था होते.

नागपूरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत तरुण अधिकाऱ्यांना कायदा शिकवला जातो. न्याय्य वागण्याची मुभा मात्र त्यांना कार्यालयातच मिळावी लागते. अपिलात किती मागणी टिकली, यावर अधिकाऱ्याचे मूल्यमापन व्हावे, केवळ किती काढली यावर नव्हे. २०२५ चा नवा आयकर कायदा भाषेने सुटसुटीत आहे. पण तो राबवणारा हात थरथरत असेल, तर त्या सुटसुटीतपणाचा करदात्याला कितीसा उपयोग? करदात्याला २०२० मध्ये सनद मिळाली. सद्हेतूने निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही तसेच अभय मिळाले, तरच त्या सनदेतील आश्वासनांना अर्थ येईल.