कौल आणि अटी

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधील मतदारांच्या हाती जी मतपत्रिका पडली, तिच्यावर एकच प्रश्न होता. देशाने युरोपीय संघाचे सदस्य राहावे, की संघ सोडावा? समोर दोन चौकटी, आणि त्यांपैकी एकीत फुली मारायची. सुमारे ७२ टक्के मतदारांनी मतदान केले. संघ सोडावा असे म्हणणारे १ कोटी ७४ लाख भरले, राहावे असे म्हणणारे १ कोटी ६१ लाख, म्हणजे ५१.९ टक्के आणि ४८.१ टक्के. निकाल निसटता असला तरी निर्विवाद होता. त्याचा अर्थ मात्र पुढील कित्येक वर्षे कोणालाही सर्वमान्य रीतीने सांगता आला नाही.

एकत्र कुटुंबातील एखाद्या भावाने वेगळे व्हायचे ठरवले, म्हणजे वाटणी झाली असे होत नाही. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कशा लावायच्या, शेताकडे जाणारी वहिवाट कोणाच्या बांधावरून राहणार, वडिलांच्या नावावरचे कर्ज कोणी फेडायचे, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. आणि भाऊबंदकी पेटते ती बहुधा याच प्रश्नांवरून. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले होते. त्रेचाळीस वर्षांच्या सहवासात व्यापार, शेती, मासेमारी, विद्यापीठे, विमानवाहतूक अशा असंख्य व्यवहारांचे धागे एकमेकांत गुंतले होते. ते कसे सोडवायचे, याविषयी मतपत्रिकेत अवाक्षर नव्हते.

वाटा अनेक होत्या. नॉर्वे संघाचा सदस्य नाही, तरी संघाच्या सामाईक बाजारपेठेत आहे. त्या मोबदल्यात तो संघाला पैसा देतो, बाजारपेठेचे नियम पाळतो आणि संघातील नागरिकांना आपल्या देशात राहण्याची व काम करण्याची मुभा देतो. तुर्कस्तानने जकातीपुरता संबंध जोडला आहे, तर कॅनडाने व्यापारी कराराचा मार्ग निवडला. कसलाही करार न करता बाहेर पडणे हाही एक पर्याय होताच. ‘सोडावा’ या एका फुलीत हे सारे पर्याय दडलेले होते. त्या काळातील मतचाचण्यांत बहुसंख्य ब्रिटिश लोकांना युरोपशी मुक्त व्यापार हवा होता, आणि बहुसंख्यांना युरोपातून येणाऱ्या लोकांवर नियंत्रणही हवे होते. संघाची भूमिका अशी, की बाजारपेठेचे सर्व लाभ हवे असतील तर माणसांची ये-जाही मोकळी ठेवावी लागेल. लोकांची दोन्ही मते प्रामाणिक होती. एकासाठी दुसऱ्याचा किती भाग सोडाल, हा खरा प्रश्न. तो मतदारांना विचारलाच गेला नाही.

याच देशात ५ जून १९७५ रोजी याच विषयावर सार्वमत झाले होते, हे येथे आठवते. हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने आधी सदस्यत्वाच्या अटींची फेरबोलणी केली, त्यांचा निष्कर्ष घरोघरी पत्रकांतून पोहोचवला आणि मग समुदायात राहावे का, असे विचारले. सुमारे ६७ टक्के मतदारांनी होकार दिला. २०१६ मध्येही पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी ब्रुसेल्सला जाऊन काही सवलती मिळवल्या होत्या. पण त्या राहण्याच्या अटी होत्या. म्हणजे एका चौकटीमागे लिहिलेला मसुदा होता, दुसरीमागे कोरा कागद.

जाण्याच्या अटी आधी ठरवणे शक्य नव्हते, असा यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. रीतसर सूचना मिळाल्याखेरीज बोलणी करणार नाही, असे संघाने बजावले होते. ती सूचना ब्रिटनने २९ मार्च २०१७ रोजी दिली. पण अटी नंतर ठरणार असतील, तर लोकांची संमतीही नंतर पुन्हा घ्यावयास हवी होती. दुसऱ्या सार्वमताची मागणी करणाऱ्यांत संघात राहू इच्छिणारेच अधिक असल्याने तिच्याकडे संशयाने पाहिले गेले. हवे ते उत्तर मिळेपर्यंत प्रश्न विचारत राहण्याचा हा डाव आहे, असे विरोधक म्हणत. संशय अगदीच निराधार नव्हता. परंतु त्यामुळे मागणीतील न्याय्य अंशही दुर्लक्षिला गेला.

मग जो तो जनमताचा स्वयंघोषित भाष्यकार बनला. थेरेसा मे यांनी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. २७ मार्च रोजी सभागृहापुढे आठ पर्याय ठेवले गेले. एकालाही बहुमत मिळाले नाही. काय नको हे संसदेला ठाऊक होते, काय हवे ते ठाऊक नव्हते. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांनी आपला करार मतदारांसमोर ठेवला आणि ३६५ जागा जिंकल्या, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यांच्या पक्षाची मते ४३.६ टक्के होती, आणि व्यापाराच्या अटी तेव्हाही ठरलेल्या नव्हत्या.

लोकमत म्हणजे कोणत्या लोकांचे मत, हाही प्रश्न यात होता. इंग्लंडमधील स्विंडन शहरात मूळचे गोव्याचे अनेक लोक पोर्तुगीज पारपत्रावर येऊन स्थायिक झाले आहेत. १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीमुळे त्यांच्या कुटुंबांना ते नागरिकत्व मिळू शकले. २०१६ च्या सार्वमतात राष्ट्रकुलातील देशांच्या रहिवासी नागरिकांना मताधिकार होता. त्यामुळे भारतीय पारपत्र बाळगणारा मराठी माणूस तेथे मत देऊ शकत होता, पण शेजारचा पोर्तुगीज पारपत्रधारक गोमंतकीय देऊ शकत नव्हता. निर्णयाची झळ मात्र दुसऱ्यालाच लागणार होती. तेथे राहण्याचा हक्क टिकवण्यासाठी अशा लोकांना पुढे नव्याने अर्ज करावे लागले.

मासेमारांचे उदाहरण याहून बोलके आहे. आपल्या सागरावर आपला ताबा, एवढीच अपेक्षा बाळगून किनाऱ्यावरच्या कोळ्यांपैकी कित्येकांनी संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले होते. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडले. व्यापारी करार त्या वर्षी २४ डिसेंबरला झाला आणि त्यासंबंधीचे विधेयक संसदेने ३० डिसेंबरच्या एका दिवसात उरकले. ब्रिटनच्या पाण्यातील युरोपीय नौकांच्या वाट्याचा केवळ चौथा हिस्सा ब्रिटनकडे यावा, तोही साडेपाच वर्षांत टप्प्याटप्प्याने, असे त्यात ठरले. ती मुदत जून २०२६ पर्यंतची होती. मे २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी नवा समझोता करून युरोपीय नौकांची मुभा २०३८ पर्यंत वाढवली. या खेपेसही कोळ्यांना कोणी मत विचारले नाही.