६१७४ ला जादू म्हणू नका!

दिवाळीत दवनीवाड्याला गेलो होतो. धान घरात यायचे दिवस, सगळे कामात. रिकामे आम्ही दोघंच, मी आणि सातवीतला भाचा. घरच्या ग्रुपवर कुणीतरी ‘६१७४, जादूची संख्या’ असं ढकललं होतं, खाली जोडलेले हात. "मामा, हे खरं आहे का?" म्हटलं, कागद आण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरायचं. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग तिथेच राहतं, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

हे शोधून काढलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. डहाणूचा जन्म, नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. जगभर नाव झालं ते १९७५ साली मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिल्यानंतर.

आम्ही त्यांचंच जन्मवर्ष घेतलं, १९०५. उत्तरं आली ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोब्बर सात! मग मृत्यूचं वर्ष १९८६. पहिलीच वजाबाकी ८१७२, म्हणजे पुढची वाट तीच. भाचा म्हणाला, "जादूच आहे!"

इथेच माझा आक्षेप आहे. जादू म्हटलं की आपण हात जोडतो आणि मेसेज पुढे पाठवतो. ‘असं का?’ हे विचारायचं राहूनच जातं. आणि या प्रश्नाचं उत्तर सातवीतल्या मुलाच्या आवाक्यातलं आहे.

वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. १९०५ मध्ये हे फरक ९ आणि ४, म्हणून ८९९१ + ३६० = ९३५१. अशा फरकांच्या जोड्या होतात फक्त ५४. ०००० ते ९९९९ मधल्या, सारख्या अंकांच्या दहा सोडून उरलेल्या ९,९९० संख्या पहिल्याच पायरीला या ५४ वाटांवर येतात. एवढ्या ५४ तपासल्या की झालं. एका दुपारचं काम!

म्हणून म्हणतो, ‘आपला मराठी माणूस’ म्हणून मेसेज ढकलणं ही कापरेकरांची आठवण नव्हे. मास्तरांच्या हाती संगणक नव्हता, होती ती आकडे घेऊन तासन् तास बसायची चिकाटी. त्यांनी ज्यांना ‘हर्षद’ नाव दिलं, त्या संख्यांना आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो. ६१७४ ची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ × ७ × ७. हेही कुणी ग्रुपवर टाकलं नव्हतं.

असो. संध्याकाळपर्यंत भाच्याने तीन अंकी संख्यांचं ४९५ स्वतः शोधलं. दोन अंकींचं काही जमेना. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, असा नुसता फेरा. "मामा, ही का नाही थांबत?"

जादू हा शब्द मात्र त्याने पुन्हा काढला नाही.