गुरुजींचा पुतळा

'पिंजरा' (१९७२) हा मराठीतला थोर चित्रपट, असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. शांतारामबापूंचे दिग्दर्शन, डॉ. श्रीराम लागूंचा अभिनय, राम कदमांचे संगीत, जगदीश खेबुडकरांची गाणी; यांतले काहीच मी नाकारीत नाही. लहानपणी देगलूरकडच्या जत्रेत, तंबूत बसून तो पाहताना मीही रडलो होतो. पण हैदराबादेत मराठी शाळेत तीस वर्षे खडू हातात धरल्यावर स्पष्ट सांगतो, हा चित्रपट शिक्षकाचा गौरव करीत नाही.

कथा आठवा. आदर्श गुरुजी तमाशाचा फड गावाबाहेर काढतात. फडातली चंद्रकला सूड म्हणून त्यांना नादी लावते. अब्रू झाकण्यासाठी दुसऱ्याच्याच प्रेताला गुरुजींचे प्रेत ठरवले जाते. गाव त्यांचा पुतळा उभारते. पुढे त्याच गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो आणि आदर्शाला तडा जाऊ नये म्हणून ते मुकाट्याने फाशी पत्करतात. टाळ्या पडतात त्या इथे!

माझा आक्षेपही इथेच आहे. खोटे टिकवण्यासाठी मरणे याला त्याग कसे म्हणावे? 'मी चुकलो' एवढे दोन शब्द ज्याला गावासमोर म्हणता येत नाहीत, त्याने मुलांना खरे बोलायला कोणत्या तोंडाने शिकवावे? याच वळणाच्या 'द ब्ल्यू एंजल' या १९३० च्या जर्मन चित्रपटात गायिकेपायी प्राध्यापक धुळीला मिळतो, आणि ती धूळ दिग्दर्शक झाकीत नाही. पुतळा ही भर आपली आहे.

आता आमच्या बाजूचा मास्तर पाहा. श्याम बेनेगल जन्माने हैदराबादचे. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेला त्यांचा 'निशांत' (१९७५) १९४५ च्या सुमारास, निजामी राजवटीतल्या तेलंगणात घडतो. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तरच्या बायकोला पळवून नेतात. मास्तर पोलिसांकडे जातो, अधिकाऱ्यांकडे जातो, हात हलवीत परततो. देवळात भेटलेली बायकोच त्याच्या नाकर्तेपणावर बोट ठेवते. शेवटी पुजाऱ्याच्या साथीने तो गाव उठवतो. पण उठलेल्या गावाला आवर राहत नाही आणि त्याची बायकोही त्यात जाते. पुतळा मात्र कुठेच नाही.

कोणी म्हणेल, 'निशांत' पाहून रडू येत नाही. खरे आहे. शिवाय त्या बाईच्या मनात काय चालले आहे, हे बेनेगल पुरते उलगडीत नाहीत, हा दोष मी पदरात घालीनच. पण भित्रा, उशिरा जागा होणारा तो मास्तर मला शिक्षक-खोलीत रोज भेटतो. कधी आरशातही भेटतो. 'पिंजऱ्या'तले गुरुजी मला कुठेच भेटले नाहीत.

एका शिक्षकदिनी आम्ही शाळेत 'पिंजरा' दाखवला. संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, गुरुजींनी खरं सांगितलं असतं तर गावानं त्यांना माफ केलं नसतं का?" सभागृहातले आम्ही सारे शिक्षक गप्प बसलो. उत्तर मलाही सुचले नाही.

यंदा वरच्या वर्गांना दोन्ही चित्रपट दाखवायचे ठरवले आहे. निबंधाचा विषय तोच प्रश्न राहील, आणि पहिला निबंध मी लिहीन.