प्रत्यक्ष जमेचा रकाना

फेब्रुवारी-मार्च आला की मुंबईभोवतीच्या महापालिकांची अंदाजपत्रके सादर होऊ लागतात. ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार, उल्हासनगर अशी शहरांची नावे बदलतात, पण बातमीचा साचा तोच राहतो: अमुक कोटींचे अंदाजपत्रक, कोणतीही करवाढ नाही, इतक्या लाखांची शिल्लक. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राची घडी होते आणि चाकरमानी आपली नेहमीची लोकल पकडतो. संध्याकाळी परतताना त्याला तोच खड्डा आणि तीच भरून वाहणारी कचराकुंडी भेटते. हे सारे कोटी जातात तरी कोठे, असा प्रश्न त्याला पडतो. पुष्कळदा त्याचे उत्तर असे असते की, ते तिजोरीत आलेलेच नसतात.

अंदाजपत्रक हा शब्दच बोलका आहे. त्यात सरत्या वर्षाचा मूळ अंदाज असतो, सुधारित अंदाज असतो, येत्या वर्षाचा अंदाज असतो आणि एका रकान्यात मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा असते. बातमी होते ती पहिल्या तिघांची. शहराची खरी प्रकृती मात्र चौथ्या रकान्यात दिसते. समजा, मालमत्ता करातून 100 रुपये येतील असे धरले आणि 70 आले. पुढील वर्षी 80 धरणे हा व्यवहार झाला. परंतु सर्वांच्या मागण्या बसवायच्या म्हणून 120 धरले जातात, त्यावर 120 ची कामे बेतली जातात आणि कार्यादेश निघतात. पैसा न आल्याने ठेकेदारांची देयके थकतात आणि ‘दायित्व’ या नावाने पुढील वर्षाच्या माथी बसतात. वर्षअखेर शिल्लक दाखवणे तर कायद्यानेच आवश्यक असते. त्यामुळे ‘शिल्लकी अंदाजपत्रक’ या शब्दांत अभिमान बाळगण्याजोगे फारसे काही नाही.

या दुखण्याचे मूळ समजून घ्यायला हवे. जकात ही महापालिकांची हक्काची आणि रोज हाती पडणारी मिळकत होती. तिच्यात भ्रष्टाचार होता, नाक्यांवर रांगा होत्या, तिचे जाणे योग्यच होते. 2010 पासून टप्प्याटप्प्याने तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली. ऑगस्ट 2015 मध्ये 50 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याने कायदा करून महापालिकांना भरपाई देण्याचे ठरवले. 2016-17 हे पायाभूत वर्ष आणि त्यावर दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ, असे तिचे गणित आहे. या भरपाईने नियमितता आली, हे मान्य करायला हवे. पण शहराची वस्ती कितीही वाढली, बाजारपेठ कितीही फुलली, तरी हा आकडा त्या प्रमाणात वाढत नाही. व्यवसाय कर राज्याकडे जातो, आयकर केंद्राकडे. दिवसभर मुंबईत राबून रात्री परतणाऱ्या लाखो माणसांचा पाणी, कचरा, मलनिःसारण आणि रस्त्यांचा भार मात्र उपनगरी महापालिकेवरच राहतो.

हातात उरतो मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि नव्या इमारतींमधून येणारे विकास शुल्क. शिवाय घरांच्या खरेदीविक्रीवरील मुद्रांक शुल्काचा एक टक्का अधिभार. म्हणजे नवी बांधकामे थांबली की तिजोरीचा मोठा झरा आटतो. याचा अनुभव कल्याण-डोंबिवलीने घेतला आहे. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या या शहरात घनकचऱ्याची विल्हेवाट नीट लागत नाही, म्हणून 2015 साली उच्च न्यायालयाने नव्या बांधकाम परवानग्यांवर बंदी घातली. कचऱ्यावर वेळीच खर्च केला नाही, त्याची किंमत उत्पन्नाच्या बाजूने मोजावी लागली. त्याच वर्षी 27 गावे पुन्हा महापालिकेत आली. जबाबदारी लगेच आली, उत्पन्न सावकाश यायचे होते.

विकास शुल्क एकदाच मिळते, पण त्या इमारतीतील कुटुंबांना पाणी पिढ्यान्‌पिढ्या द्यावे लागते. एकदाच येणाऱ्या पैशावर कायमचा खर्च चालवणे म्हणजे बियाण्याच्या पोत्यातून रोजचे दळण काढणे होय. जे बांधकाम अनधिकृत असते ते तर हे शुल्कही बुडवते आणि नागरी सुविधांवरचा भार मात्र वाढवते. बनावट परवानग्या दाखवून उभ्या राहिलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये याच शहराबाबत दिला. त्यात आयुष्याची पुंजी ओतलेल्या कुटुंबांची वाताहत हा आकड्यांपलीकडचा हिशेब आहे. अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात तो मांडता येत नाही.

व्यवस्थेतही एक दोष शिरला होता. कायद्याप्रमाणे आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, 16 सदस्यांची स्थायी समिती ते तपासते आणि सर्वसाधारण सभा मंजूर करते. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात मांडणारा आणि मंजुरी देणारा एकच होता. अधिकारी कितीही प्रामाणिक असला, तरी आपलीच उत्तरपत्रिका आपणच तपासण्याची ही पद्धत लोकशाहीला शोभणारी नाही. आता 122 नगरसेवकांचे सभागृह पुन्हा आले आहे. आपल्या प्रभागातील गटारे आणि पदपथ यांसाठी जमेची बाजू फुगवण्याची जुनी खोड या सभागृहाला लागली, तर पाच वर्षांच्या प्रतीक्षेतून नागरिकांच्या पदरी काही पडणार नाही.

दोष केवळ सत्तेवर बसणाऱ्यांचा आहे, असे म्हणून समाजालाही सुटता येणार नाही. ‘अभय योजना’ जाहीर होईल, व्याज आणि दंड माफ होईल, तोवर कर भरायचा कशाला, असा विचार सुस्थितीतील घरांतही होतो. वेळेवर कर भरणारा निवृत्त शिक्षक त्यामुळे मूर्ख ठरतो. थकबाकीदाराला वारंवार सवलत देणे ही प्रामाणिक नागरिकाला केलेली शिक्षाच आहे. कौटिल्याने कोशाला राज्याच्या सात अंगांत स्थान दिले. नगराचा कोश भरणे हेदेखील मग नागरिकाचे कर्तव्य ठरते, आणि तो कसा रिता होतो हे विचारणे हा त्याचा अधिकार ठरतो.

हा अधिकार बजावण्याची साधने उपलब्ध आहेत. 1993 पासून अमलात असलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले. 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. प्रभागातील मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद राज्याने 2009 साली केली, पण ती बव्हंशी कागदावरच राहिली. प्रत्येक वस्तीतील चार-पाच जाणकारांनी, त्यात एखादा सनदी लेखापाल आणि एखादा निवृत्त बँक अधिकारी असावा, अंदाजपत्रक मिळवून त्याला तीनच प्रश्न विचारावेत. मागील वर्षी प्रत्यक्ष किती जमा झाले? जुने दायित्व किती आहे? उत्पन्नातील किती वाटा बांधकामांवर अवलंबून आहे? ही उत्तरे सोसायटीच्या फलकावर लागली, तरी पुढच्या वर्षी आकडे फुगवणारा हात आखडेल.

1999 साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि पाहता पाहता महाराष्ट्रभर तिचे अनुकरण झाले. समाज ठरवतो तेव्हा काय उभे राहते, याचा तो वस्तुपाठ आहे. पाडवा येतो त्याच सुमारास नगराचे नवे आर्थिक वर्षही सुरू होते. यात्रेच्या मार्गावर रांगोळी घालणाऱ्या हातांनी त्या रस्त्याचा हिशेबही मागायला हवा.